जोसॉनच्या, म्हणजे जुन्या कोरियाच्या, किनाऱ्याला लागलेले युरोपीय खलाशी: त्यांना परत का जाऊ दिले नाही?

सागरगोटा

नेदरलँड्सच्या ईस्ट इंडिया कंपनीचे, म्हणजे आपल्या बखरींतल्या वलंदेजांचे, 'स्पेर्वर' नावाचे जहाज ३० जुलै १६५३ रोजी तैवानहून नागासाकीकडे निघाले. वाटेत एकामागून एक तुफानांनी त्याला झोडपले आणि १५ व १६ ऑगस्टच्या मधल्या रात्री ते कोरियाच्या दक्षिणेकडील जेजू बेटाच्या खडकांवर आपटून काही क्षणांत फुटले. जहाजावर ६४ माणसे होती. त्यांपैकी ३६ जिवंत किनाऱ्याला लागली. कप्तान बुडाला, हेंड्रिक हामेल नावाचा तेवीस वर्षांचा हिशेबनीस वाचला. पुढे त्याने लिहिलेला वृत्तांत १६६८ साली नेदरलँड्समध्ये छापला गेला आणि कोरियाविषयी युरोपियन माणसाने प्रत्यक्ष राहून लिहिलेले ते पहिले मोठे वर्णन ठरले.

या वृत्तांताची सुरुवात वाचताना मला सर्वांत आश्चर्य वाटले ते जेजूच्या अधिकाऱ्यांच्या वागण्याचे. उपाशी माणसांना एकदम पोटभर जेवण बाधेल म्हणून त्यांनी आधी थोडा पातळ भात दिला. किनाऱ्यावर वाहून आलेले लाल मद्याचे पिंप वलंदेजांनी फोडले आणि चांदीच्या पेल्यातून अधिकाऱ्यांना पाजले. मद्य त्यांना फार आवडले, तरीही पेला त्यांनी परत केला. जहाजाच्या अवशेषांतून लोखंड चोरणाऱ्या स्थानिकांना तळपायांवर फटके बसले, इतके की हामेलच्या म्हणण्यानुसार काहींच्या पायांची बोटे गळाली. इतकी काळजी घेणारे हेच राज्य पुढे तेरा वर्षे या माणसांना देशाबाहेर पाऊल टाकू देत नाही.

माझा प्रश्न असा आहे की, हे क्रौर्य होते, भीती होती, की राज्यकारभाराचा एखादा नियम होता? 'एकलकोंडे राज्य' हे कोरियाला चिकटवलेले लेबल एकोणिसाव्या शतकातले आहे. त्याने सतराव्या शतकातले उत्तर मिळते असे मला वाटत नाही. जाणकारांनी लिहावे.

बखरवेडा

धागा उत्तम आहे. हामेलच्या बाजूने आपण वाचतो, परंतु दुसऱ्या बाजूची नोंदही उपलब्ध आहे. जोसॉन राजवटीच्या दरबारी इतिहासात, ज्याला 'सिल्लोक' म्हणतात, जेजूच्या सुभेदाराचा अहवाल आला आहे. निळे डोळे, उंच नाक, पिवळे केस, आखूड दाढी, काहींनी दाढी काढून मिशा राखलेल्या, असे वर्णन त्यात आहे. जिवंत माणसांचा आकडा मात्र तो ३८ देतो. त्यांना जपानी भाषेतून विचारले की, तुम्ही पश्चिमेकडचे ख्रिस्ती आहात काय? त्यावर सगळ्यांनी मिळून 'या, या' असा होकार दिला. कुठे निघाला होता असे विचारल्यावर उत्तर आले, नागासाकी. ज्या जपानमध्ये त्या काळात ख्रिस्ती असणे म्हणजे मृत्युदंडाला आमंत्रण होते, तिकडे निघालेली माणसे इतक्या उत्साहाने होकार देतात, हे ऐकून विचारणारा अधिकारी गोंधळला असला तर नवल नाही.

आता मूळ प्रश्न. पुढे चीनचे राज्यकर्ते झालेल्या उत्तरेकडच्या मांचूंनी १६३६-३७ च्या हिवाळ्यात कोरियावर स्वारी करून राजाला शरण आणले. स्पेर्वर फुटले तेव्हा गादीवर असलेला राजा ह्योजाँग हा राजपुत्र असताना या पराभवानंतर ओलीस म्हणून मांचूंकडे नेला गेला होता आणि तिथे त्याने आठ वर्षे काढली होती. गादीवर आल्यावर उत्तरेकडे स्वारी करून सूड घेण्याची तयारी तो गुपचूप करीत होता. अशा राजाच्या हाती बंदुकीची माहिती असलेली छत्तीस माणसे आयती पडली. त्याने त्यांना १६५४ साली राजधानीत आणले, बंदुका दिल्या, महिन्याला तांदळाचा शिधा बांधून दिला आणि आपल्या रक्षकदलात भरती केले. मांचू वकील आला की मात्र त्यांना राजधानीबाहेरच्या नामहानसान किल्ल्यात नेऊन लपवले जाई. ही माणसे सोडली तर ती बाहेर जाऊन बोलतील आणि मांचूंच्या कानी पडले तर राज्य धोक्यात येईल, हा हिशेब माझ्या मते क्रौर्यापेक्षा अधिक पटण्यासारखा आहे.

मिश्कील

हामेल लिहितो की, हे परदेशी लोक पाणी पिताना आपले नाक वळवून कानामागे खोचतात अशी आवई जेजूकरांनी उठवली होती. राजधानीत त्यांना पाहायला एवढी गर्दी लोटे की गल्लीतून चालणे मुश्किल झाले आणि घरातही स्वस्थता मिळेना. अखेर सेनापतीला बघ्यांवर बंदी घालावी लागली. बिचाऱ्यांनी प्रत्येक घोट घेताना किती डोळे आपल्या नाकाकडे लागले आहेत हे मोजले असेल.

तटस्थ

बखरवेडा यांचे राजकीय स्पष्टीकरण मान्य आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. राज्याची भीती समजावून सांगितली की माणसांचे हाल आपोआप क्षम्य ठरतात, असे आपण नकळत गृहीत धरतो आहोत.

मार्च १६५५ मधली घटना पाहा. सुकाणूवाला हेंड्रिक यान्से आणि हारलेमचा हेंड्रिक यान्से बोस हे दोघे जळण आणण्याच्या निमित्ताने बाहेर पडले, मांचू वकिलाच्या वाटेवर दबा धरून बसले, शिपायांची रांग फोडून आत घुसले आणि वकिलाच्या घोड्याचा लगाम धरून वरचे कोरियन कपडे फाडून आतले वलंदेजी कपडे त्याला दाखवू लागले. दरबाराने लाच देऊन प्रकरण मिटवले. ते दोघे तुरुंगात गेले आणि तिथेच मेले. उरलेल्यांना पुढच्या वर्षी दक्षिणेकडच्या जॉल्ला प्रांतात पाठवून दिले. तिथे काही सेनाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून अंगणातले गवत उपटून घेतले, लांबून सरपण आणवले, आणि १६६० नंतरच्या दुष्काळात त्यांना भीक मागावी लागली. १६६३ साली त्यांची तीन गावांत विभागणी झाली तेव्हा ते २२ उरले होते.

राजाची अडचण खरी असेल. तथापि हे रक्षकदल नव्हते, ही कैद होती, आणि तिला कैद म्हणण्यात संकोच नसावा.

बखरवेडा

तटस्थ यांच्याशी अर्धा सहमत आहे. दुष्काळ मात्र वलंदेजांसाठी वेगळा आला नव्हता. त्या वर्षांत कोरियन प्रजाच हजारोंनी मरत होती, हे स्वतः हामेलच नोंदवतो. शिवाय जेजूचा पहिला सुभेदार आणि त्याच्या जागी आलेला दुसरा यांच्यात तो स्वच्छ फरक करतो: पहिल्याने माणुसकीने वागवले, दुसऱ्याने जेवणातली कालवणे बंद करून नुसता भात आणि सातू ठेवले. जॉल्लातही अधिकारी बदलला की यांचे दिवस बदलत. 'कोरियाने' असे केले म्हणण्यापेक्षा कोणत्या अधिकाऱ्याने काय केले हे पाहावे लागते.

वेंगुर्लेकर

मी वेंगुर्ल्याचा. आमच्या गावात याच कंपनीची १६३७ पासून वखार होती आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत, त्यामुळे या कंपनीच्या हिशेबी स्वभावाविषयी मला लहानपणापासून कुतूहल आहे. त्या अनुषंगाने एक मुद्दा मांडतो, जो वरील सर्व प्रतिसादांत राहून गेला आहे.

हामेलचा वृत्तांत हे प्रवासवर्णन म्हणून लिहिलेलेच नाही. कंपनीचा नियम असा होता की, जहाज बुडाले की त्या दिवसापासून खलाशांचा पगार थांबतो. मग तेरा वर्षे परमुलखात काढणाऱ्या माणसाने काय करावे? त्याने कंपनीच्या अधिकाऱ्यांना अहवाल सादर करून दाखवून द्यावे की, आम्ही आपल्या मर्जीने राहिलो नाही, आम्हाला अडकवले होते, आम्ही पुनःपुन्हा पळण्याचा प्रयत्न केला, आणि तरीही आम्ही डोळे उघडे ठेवून या देशाची माहिती जमवली. हामेल हिशेबनीस होता. हे कागद कसे रचायचे हे त्याला ठाऊक होते. हाल, उपासमार आणि कैद यांवरचा भर वाचताना हा अर्ज आहे हे विसरता कामा नये. उलट ज्या गोष्टींमुळे अर्ज कमजोर झाला असता, उदाहरणार्थ कुणाकुणाचे तिथे संसार झाले होते, त्यांविषयी तो मौन बाळगतो.

याचा अर्थ तो खोटे बोलतो असा नाही. जहाज फुटल्यावर सुकाणूवाल्याने सूर्याची उंची मोजून ते ३३ अंश ३२ मिनिटे अक्षांशावर असल्याचे काढले. आजच्या नकाशावर हे माप जेजू बेटाच्या हद्दीतच पडते. एवढ्या काटेकोर माणसाचे तपशील मी सहसा नाकारणार नाही. छापणाऱ्यांचे मात्र सांगवत नाही. ॲमस्टरडॅमच्या सागमान नावाच्या प्रकाशकाने आपल्या आवृत्तीत कोरियात हत्ती आणि सुसरी घुसवल्या, कारण पूर्वेकडचा देश म्हटल्यावर गिऱ्हाइकाला त्या हव्या असत.

मिश्कील

म्हणजे मजकुराला आकर्षक चित्र जोडण्याची विद्या जुनीच म्हणायची.

सोलनिवासिनी

मी काही वर्षांपासून कोरियात राहते. वेंगुर्लेकर यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण या सगळ्यात एका माणसाकडे दुर्लक्ष होते आहे आणि माझ्या मते मूळ प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळच आहे.

यान यान्से वेल्टेव्हरे हा डे राइप गावचा खलाशी १६२७ साली गोडे पाणी आणायला दोन सोबत्यांसह कोरियाच्या किनाऱ्यावर उतरला आणि पकडला गेला. त्याचे दोन्ही सोबती मांचू स्वारीत कोरियाच्या बाजूने लढताना मारले गेले. तो मात्र राहिला, पाक यॉन हे नाव घेऊन सैन्याच्या प्रशिक्षण खात्यात नोकरी करू लागला, तोफा-बंदुकांचे ज्ञान त्याने दरबाराला दिले, कोरियन स्त्रीशी लग्न केले आणि त्याला दोन मुले झाली. स्पेर्वरचे लोक जेजूवर असताना, २९ ऑक्टोबर १६५३ रोजी, राजधानीहून त्याला दुभाषी म्हणून पाठवण्यात आले. सुभेदाराने वलंदेजांना विचारले की, हा कोण आहे असे तुम्हाला वाटते? ते म्हणाले, आमच्यासारखाच वलंदेज. सुभेदार हसून म्हणाला, नाही, हा कोरियन आहे. सव्वीस वर्षांत वेल्टेव्हरे आपली मातृभाषा जवळजवळ विसरला होता. ती पुन्हा जिभेवर यायला महिनाभर लागला. कोरियन लेखक सांगतात की, त्या भेटीनंतर तो इतका रडला की त्याच्या बाह्या भिजल्या.

आपल्याला जपानला पाठवावे अशी विनंती त्याने स्वतः राजाला अनेकदा केली होती. राजाचे उत्तर त्याने हामेलला सांगितले: पंख असतील तर उडून जा, आम्ही परक्यांना देशाबाहेर पाठवत नाही. लक्षात घ्या, हे उत्तर मांचू स्वारीच्या आधीपासूनचे असू शकते, कारण तो १६२७ पासून तिथे होता. तेव्हा बखरवेडा यांचा मांचूंचा मुद्दा अपुरा पडतो.

जाता जाता, यॉसू बंदरात आज हामेलच्या नावाचे लाल दीपगृह आणि एक संग्रहालय आहे. गांगजिनजवळच्या ब्यॉन्यॉन्ग गावात माशाच्या काट्यासारखी तिरपी रचना असलेल्या दगडी भिंती दिसतात आणि त्या वलंदेजांनी शिकवल्या असे स्थानिक लोक अभिमानाने सांगतात.

तटस्थ

पक्ष्याचे उत्तर ऐकायला सुरेख आहे, पण चिनी आणि जपानी खलाशी वाहून आले तर हेच दरबार त्यांना रीतसर परत पाठवत असे. मग 'आम्ही परक्यांना पाठवत नाही' हे सरसकट खरे कसे मानावे?

सोलनिवासिनी

नेमके तिथेच बोट ठेवलेत. चिन्यांना परत पाठवण्यासाठी बीजिंगला जाणारे वकील होते आणि जपान्यांसाठी पुसानजवळची जपानी वखार व कोरिया-जपानच्या मधल्या त्सुशिमा बेटाचे सरदार होते. वलंदेजांना पाठवायचे तर कुणाच्या हाती सोपवायचे? त्यांच्या राजाशी पत्रव्यवहार नाही, त्यांचा देश कुठे आहे हे ठाऊक नाही, आणि जपानकडे सोपवावे तर आपण ख्रिस्त्यांना आसरा दिला होता का, असे प्रश्न उठणार. ज्या माणसाला परत नेणारा कोणी ओळखीचा नाही, त्याला ठेवून घेणे हाच दरबाराला सोपा मार्ग वाटला असावा.

गोमंतककन्या

किंचित अवांतर, पण विषयाला धरून आहे. जहाजांवरून युरोपियन कोरियाला येण्याच्या आधीच कोरियन माणसे युरोपियन जहाजांवरून पश्चिमेकडे जाऊ लागली होती, आणि त्यांतली काही आमच्या गोव्यापर्यंत पोहोचली होती.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर केलेल्या स्वाऱ्यांत हजारो कोरियन पकडून जपानला नेले गेले आणि नागासाकीच्या बाजारात ते पोर्तुगीज व्यापाऱ्यांना कवडीमोलाने विकले गेले. फ्लॉरेन्सचा व्यापारी फ्रांचेस्को कार्लेत्ती त्या सुमारास नागासाकीत होता. त्याने पाच कोरियन विकत घेतले, त्यांचा बाप्तिस्मा करवला आणि पुढे गोव्याला आल्यावर त्यांना मुक्त केले, असे तो स्वतः लिहितो. त्यांतला एक त्याच्यासोबत पुढे निघाला. कार्लेत्तीचे जहाज १६०२ मध्ये सेंट हेलेना बेटाजवळ नेदरलँड्समधल्या झीलंडच्या खलाशांनी लुटले, तरी तो माणूस अखेर इटलीत पोहोचला आणि रोममध्ये अंतोनियो कोरेआ या नावाने राहू लागला. बाकीच्या चौघांचे पुढे काय झाले, ते गोव्याच्या कोणत्या वाड्यावर राहिले, याविषयी कार्लेत्ती एक ओळही लिहीत नाही.

हामेलला तेरा वर्षे ठेवून घेतले याची आपण चर्चा करतो आहोत, तेव्हा युरोपियन जहाजांच्या तळघरांतून नेलेल्या या माणसांना कोणी परत पाठवण्याचा विचारही केला नव्हता, एवढे ध्यानात असावे.

मिश्कील

रूबेन्सने काढलेले कोरियन पोशाखातल्या माणसाचे चित्र याच अंतोनियोचे आहे असे म्हणतात ना?

गोमंतककन्या

म्हणतात, पण पुरावा नाही, आणि बऱ्याच अभ्यासकांना ते मान्य नाही. कृपया धागा तिकडे नेऊ नये, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद टोपीच्या आकारावर येतील.

नकाशेवाला

टोपीचा विषय निघालाच आहे तर मी दीडशे वर्षे पुढे जातो, कारण तिथे सागरगोटा यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते.

विल्यम ब्रॉटन हा इंग्रज आरमारी कप्तान १७९७ च्या ऑक्टोबरमध्ये पुसानला आला. त्याचे मोठे जहाज 'प्रॉव्हिडन्स' त्याच वर्षी मियाको बेटाजवळ फुटले होते आणि सोबतच्या लहान गलबतातून तो किनाऱ्यांची मापे घेत फिरत होता. कोरियनांनी त्याला पाणी आणि सरपण दिले आणि लवकर निघून जाण्याविषयी वारंवार खुणावले. सिल्लोकमध्ये या भेटीचीही नोंद आहे. या लोकांच्या हाती लेखणी दिली तेव्हा त्यांनी ढगांनी वेढलेल्या डोंगरासारखे काहीतरी काढले, जे कोणालाच वाचता आले नाही. त्यांच्या बोलण्यातला एकच शब्द कळला, तो म्हणजे नागासाकी. त्यांनी त्सुशिमाच्या दिशेला बोट करून तोंडाने फुंकर घातली, त्यावरून ते अनुकूल वाऱ्याची वाट पाहत असावेत असा अर्थ अधिकाऱ्यांनी लावला. राजाचा हुकूम आला की, वारा मिळताच त्यांना जाऊ द्यावे.

पुढे १८१६ च्या सप्टेंबरमध्ये मरे मॅक्सवेलचे 'अल्सेस्ट' आणि बेझिल हॉलचे 'लायरा' ही इंग्रज जहाजे, चीनला वकील सोडून परतण्याची वाट पाहत असताना, कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याची पाहणी करायला आली. आधी ज्या बेटांवर ती थांबली तिथले रहिवासी हाताने गळा कापल्याची खूण करीत. इंग्रजांना प्रथम वाटले की ही आपल्याला धमकी आहे. मार्यांग येथे मात्र उलगडा झाला. निळ्या छत्रीखाली बसलेला, छातीभर पांढरी दाढी असलेला, प्रचंड रुंद टोपी घातलेला एक वृद्ध अधिकारी वाद्ये वाजवीत होडीतून आला आणि डेकवर चटई अंथरून बसला. त्याने कारकुनाकडून लांबलचक लेख लिहवून घेतला आणि मोठ्या सन्मानाने हॉलच्या हाती दिला. जहाजावर तो वाचू शकेल असा एकही माणूस नव्हता. इंग्रज किनाऱ्यावर उतरून गावाकडे चालू लागताच हाच वृद्ध रडू लागला आणि त्याने आपल्याच गळ्यावरून हात फिरवला. परके जमिनीवर उतरले तर डोके त्याचे उडणार होते. मॅक्सवेल आणि हॉल यांनी मग गावात जाण्याचा हट्ट सोडला.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे 'लॉर्ड ॲमहर्स्ट' हे जहाज १८३२ मध्ये लिंडसे या अधिकाऱ्यासह व्यापाराची मागणी घेऊन आले, तेव्हाही असेच झाले. धान्य, डुकरे आणि भाज्या दिल्या गेल्या, आणि चीनच्या मांडलिक राज्याला परस्पर व्यापार करता येत नाही असे सांगून त्यांना निरोप दिला गेला. त्या जहाजावरच्या गुट्सलाफ नावाच्या पाद्र्याने किनाऱ्यावर बटाटे लावून दाखवले, एवढेच काय ते मागे राहिले.

सागरगोटा

नकाशेवाला, आपल्या प्रतिसादाने माझ्या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. ब्रॉटन, मॅक्सवेल, लिंडसे या सर्वांना लवकरात लवकर जा असे सांगितले गेले, तर वेल्टेव्हरे आणि हामेल यांना जाऊ नका असे. दोन्ही हुकूम एकाच भीतीतून निघालेले दिसतात. ज्याच्या पायाखाली तरंगते जहाज आहे तो किनाऱ्यावर उतरण्याआधी निघून गेला तर दरबाराला त्याच्याविषयी काही ठरवावेच लागत नाही. ज्याचे जहाज फुटले, किंवा जो जहाजापासून तुटला, तो देशाच्या आत आलाच, आणि आत आलेल्याने देश पाहिला. हामेलच्या लोकांना एक साधी होडी जरी त्या पहिल्या आठवड्यात मिळाली असती, तर मला वाटते जेजूच्या सुभेदाराने त्यांना तांदळाची पोती देऊन हसत हसत निरोप दिला असता.

तटस्थ

हसत हसत हे जरा जास्त होते. एप्रिल १६५४ मध्ये सुकाणूवाला आणि आणखी पाच जण होडी पळवून जेजूहून निघालेच होते. डोलकाठी मोडली म्हणून सापडले, आणि प्रत्येकाला पंचवीस फटके बसले. महिनाभर त्यांना उठता येत नव्हते.

सागरगोटा

तोवर आठ महिने उलटून गेले होते, राजधानीला अहवाल गेला होता आणि राजाचा निर्णय यायचा होता. सुभेदाराच्या हाती काहीच उरले नव्हते. मी पहिल्या आठवड्याविषयी बोलतो आहे.

सोलनिवासिनी

'ओळखीचा माणूस नसेल तर परत पाठवता येत नाही' या माझ्या म्हणण्याला पुष्टी देणारी एक घटना आहे, आणि ती फारच गोड आहे.

उइदो बेटावरचा मुन सुन-देउक हा मासळीचा व्यापारी १८०१ च्या अखेरीस समुद्रात निघाला आणि वादळात भरकटून १८०२ मध्ये जपानच्या दक्षिणेकडच्या रिउक्यू बेटांवर जाऊन पडला. तिथून त्याला चीनकडे पाठवले, तर ते जहाजही वादळात सापडून त्याला फिलिपिन्सच्या लूझोन बेटावर घेऊन गेले. तिथे त्याने स्पॅनिश लोकांची चर्च पाहिली, स्थानिक भाषा शिकला, पुढे मकाव आणि चीनमार्गे १८०५ मध्ये घरी परतला. त्या काळात जवळच हद्दपारीत असलेले विद्वान जॉन्ग याक-जॉन यांनी त्याची हकीकत लिहून काढली.

गंमत अशी की, १८०१ मध्येच जेजूवर काही परके खलाशी वाहून आले होते. ते कुठले हे कोणालाच कळेना, चीननेही त्यांना ओळखले नाही, आणि ते वर्षानुवर्षे तिथेच खितपत पडले होते. मुन सुन-देउकच्या मदतीने ते लूझोनचे आहेत हे उघड झाले आणि १८०९ साली त्यांची परत पाठवणी झाली. मासळीवाल्याला भाषा येत होती म्हणून दरबाराचे काम झाले. या माणसाला हामेलएवढी प्रसिद्धी मिळायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

वेंगुर्लेकर

सुंदर. आणि हामेलच्या सोबत्यांच्या बाबतीत शेवटी हेच झाले. ४ सप्टेंबर १६६६ च्या रात्री यॉसूहून हामेलसह आठ जण होडीने पळाले. ही होडी एका ओळखीच्या कोरियन माणसामार्फत, बेटांवरून कापूस आणायचा आहे असे सांगून, दुप्पट किमतीला घेतली होती. मूळ मालकाने खरे खरेदीदार पाहिले तेव्हा तो सौदा मोडू पाहत होता. पैसे वाढवल्यावर गप्प बसला. ते गोतो बेटांवर आणि तिथून नागासाकीला पोहोचले. जपानी अधिकाऱ्यांनी त्यांना ५४ प्रश्न विचारले आणि वर्षभर देजिमावर, म्हणजे नागासाकीतल्या वलंदेजांच्या वखारीच्या बेटावर, अडकवून ठेवले. त्यानंतर जपानने त्सुशिमामार्फत कोरियाला विचारणा केली की, आणखी वलंदेज तुमच्याकडे आहेत काय? मग मात्र उरलेल्यांना पुसानमार्गे निमूटपणे पाठवून देण्यात आले. सात जण १६६८ मध्ये नागासाकीला पोहोचले. आठवा, डॉर्ड्रेख्टचा स्वयंपाकी यान क्लासझेन, आला नाही. कोरियन दरबाराने तो मेला असे कळवले. ॲमस्टरडॅमचा विट्सेन हा त्या काळचा लेखक मात्र लिहितो की, तो आपल्या मर्जीने राहिला, त्याचे लग्न झाले होते, आणि आपल्या अंगावर ख्रिस्त्याचा किंवा वलंदेजाचा म्हणावा असा एक केसही उरलेला नाही असे तो म्हणत असे.

मिश्कील

राहिला असेल तर त्याच्या हातचे जेवण एव्हाना कोरियन झाले असेल, हे नक्की.

सागरगोटा

वेंगुर्लेकर, एक शेवटची शंका. हामेलचा अहवाल हाती आल्यावर व्यापारासाठी हपापलेली ही कंपनी स्वतःहून कोरियाला का गेली नाही?

वेंगुर्लेकर

जाणार होती. कंपनीने १६६९ मध्ये 'कोरेआ' नावाचे जहाज मुद्दाम बांधले आणि ते बटाव्हियापर्यंत, म्हणजे आजच्या जकार्तातल्या कंपनीच्या मुख्य ठाण्यापर्यंत, आलेही. परंतु कोरियाशी परस्पर व्यापार सुरू केला तर जपान नाराज होईल, असे देजिमावरच्या वखारीतून कळवण्यात आले, आणि जपानमधला धंदा हातचा घालवण्याची कंपनीची तयारी नव्हती. शिवाय हामेलने वर्णन केलेला देश तिच्या हिशेबात फार श्रीमंतही ठरत नव्हता. त्यामुळे त्या नावाचे जहाज आशियाच्या इतर बंदरांत फिरत राहिले आणि कोरियाला कधीच गेले नाही.